दक्षिणायनाच्या अखेरचा किरण : न्यूग्रेंजची प्राचीन समाधी
(व्याख्यानाचा मजकूर)

आजच्या व्याख्यानाचा विषय एक थडगे आहे. ते आयर्लंड देशात, मीथ परगण्यात, बॉयन नदीच्या काठच्या एका टेकाडावर आहे. डब्लिन शहरापासून उत्तरेकडे सुमारे पन्नास किलोमीटर गेले की नदी एक मोठे वळण घेते आणि त्या वळणात न्यूग्रेंज, नाउथ व डाउथ अशी तीन प्रचंड मातीची व दगडांची उंचवट्यासारखी स्मारके दृष्टीस पडतात. त्यांपैकी न्यूग्रेंज हे सर्वांत प्रसिद्ध. इसवी सनापूर्वी सुमारे ३२०० या काळात ते बांधले गेले. इजिप्तमधील गीझाचा महान पिरॅमिड त्यानंतर सहा शतकांनी उभा राहिला. सिंधूच्या खोऱ्यातील मोहेंजोदडोसारखी नगरे भरभराटीला यावयास जवळजवळ तितकाच अवधी होता. आणि पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगावची ताम्रपाषाणयुगीन वस्ती वसण्यास तर आणखी सोळाशे वर्षे लागावयाची होती. कालमानाची ही चौकट ध्यानी ठेवूनच पुढील हकीगत ऐकावी.

ज्या लोकांनी हे स्मारक उभारले ते शेतकरी होते. गुरे पाळणे आणि गहू-जव पेरणे ही त्यांची उपजीविका. धातू त्यांना ठाऊक नव्हता. लिपी नव्हती. दगडी कुऱ्हाडी, लाकडी ओंडके, दोरखंड आणि माणसांचे बाहुबळ एवढीच त्यांची सामग्री. त्या सामग्रीवर त्यांनी जे बांधले त्याचा आकार प्रथम सांगितला पाहिजे. मूळ टेकाडाचा व्यास सुमारे ८५ मीटर, म्हणजे त्याने व्यापलेली जागा एक एकराहून अधिक; उंची सुमारे १२ मीटर. त्यात घातलेल्या दगड-मातीचे वजन दोन लाख टनांच्या घरात असावे असा अंदाज आहे. टेकाडाच्या पायथ्याशी ९७ मोठ्या शिळांचे अखंड कडे आहे. यांतील पुष्कळशा शिळा कित्येक किलोमीटर दूरच्या समुद्रकाठच्या खडकातून आणल्या असाव्यात असे भूशास्त्रज्ञ मानतात. आग्नेय बाजूस प्रवेशद्वार; त्यापुढे सुमारे तीन मीटर लांबीची, पाच टन वजनाची एक आडवी शिळा, तिच्यावर एकमेकांत गुंतलेले सर्पिल वळसे कोरलेले. द्वारातून आत गेले की उभ्या शिळांच्या दोन रांगांमधून जाणारा १९ मीटर लांबीचा अरुंद बोळ लागतो. मध्यम उंचीच्या माणसालाही तेथे काही ठिकाणी वाकून व अंग चोरून जावे लागते. या बोळाच्या टोकाशी एक दालन आहे व त्याला तीन बाजूंनी तीन कोनाडे. वरून पाहिले तर बोळ व दालन मिळून क्रूसाची आकृती होते. अर्थात क्रूसाच्या धर्माचा उदय त्यानंतर तीन सहस्रकांनी झाला, तेव्हा त्या आकृतीतून काही अर्थ काढू नये. अशा रचनेच्या स्मारकांना मार्गसमाधी म्हणता येईल. आयर्लंड, ब्रिटन, फ्रान्सचा ब्रिटनी प्रांत, स्पेन, पोर्तुगाल व स्कँडिनेव्हिया या भागांत ती पुष्कळ आढळतात.

दालनाचे छत हा या बांधकामातील सर्वांत थक्क करणारा भाग होय. चुना नाही, कमान नाही. सपाट शिळांचा एकेक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकवीत नेऊन सुमारे सहा मीटर उंचीवर एकाच शिळेने तोंड बंद केले आहे. आपल्याकडील जुन्या दगडी देवळांच्या घुमटाकार छतांत हीच युक्ती दिसते. परंतु तेथे धातूच्या छिन्नीने घडवलेला दगड आहे. न्यूग्रेंजचे छत पाच हजार वर्षांत कोसळलेले नाही व गळलेलेही नाही. आयर्लंडमधील पाऊस ज्यांनी पाहिला असेल त्यांना, आणि कोकण-गोव्यातील घरधन्यांना तर विशेषच, या विधानाचे महत्त्व कळेल. उत्खननात असे दिसून आले, की बोळावरील छताच्या शिळांच्या वरच्या अंगास पन्हळी खोदलेल्या आहेत, जेणेकरून झिरपलेले पाणी बाजूला वाहून जावे; आणि शिळांमधील सांधे जळकी माती व समुद्राकडील वाळू यांनी बुजवले आहेत. ही डागडुजीची माती पुढे दुहेरी कामास आली. तिच्यातील सेंद्रिय द्रव्याच्या किरणोत्सर्गी कार्बन परीक्षणावरूनच स्मारकाचा काळ निश्चित करता आला.

आता या स्मारकाचा आधुनिक इतिहास. १६९९ साली जमिनीचे मालक चार्ल्स कॅम्बेल यांच्या मजुरांनी टेकाडातील दगड काढून नेण्यास प्रारंभ केला. दगड हवेच होते आणि टेकाडात ते अमाप होते. काढता काढता कोरीव शिळा व तिच्यामागे बोळाचे तोंड लागले. त्याच वर्षी वेल्श पुराविद एडवर्ड ल्विड हे त्या बाजूस आले असता त्यांनी आत जाऊन वर्णन लिहून ठेवले. म्हणून तारीख तरी आपल्याला माहीत आहे. पुढील दोनशे वर्षे समाधी उघडीच राहिली. हौशी प्रवासी आत जात, मेणबत्त्या लावत आणि पाच सहस्रकांच्या शिळांवर आपापली नावे कोरून परतत. हा रोग कोणत्याही एका देशाचा नाही हे सांगावयास नकोच. शेजारच्या डाउथचे नशीब त्याहून वाईट. १८४७ साली तेथे विद्वानांनीच उत्खनन करविले. माथ्यापासून खोदत गेल्याने टेकाडाला जो प्रचंड खड्डा पडला तो आजही तसाच आहे. १८८२ साली प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि ही तिन्ही स्मारके शासनाच्या देखरेखीखाली आली. पुढे १९९३ साली बॉयनच्या वळणाचा हा सर्व परिसर जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाला.

शास्त्रशुद्ध उत्खनन झाले ते १९६२ ते १९७५ या काळात. कॉर्क येथील विद्यापीठातील पुरातत्त्वाचे प्राध्यापक मायकेल ओकेली हे त्याचे प्रमुख. त्यांच्या पत्नी क्लेअर ओकेली यांनी शिळांवरील कोरीव कामाचा स्वतंत्र व चिकाटीचा अभ्यास केला. उत्खननाच्या प्रारंभीच्या काळात भेटीस येणारे गावकरी ओकेलींना एक गोष्ट वारंवार सांगत : वर्षातील एका दिवशी सूर्याचे किरण थेट आतल्या दालनापर्यंत जातात आणि तेथील तिहेरी सर्पिल कोरलेली शिळा उजळते. कोणी पाहिले आहे काय, असे विचारले तर कोणीच पाहिलेले नसे. ओकेलींना प्रथम वाटले की इंग्लंडमधील स्टोनहेंजच्या सूर्योदयाची प्रसिद्ध हकीगत लोकांनी अजाणता या स्मारकाला चिकटवली असावी. तर्क वाजवी होता. परंतु स्टोनहेंजचा तो सूर्योदय उन्हाळ्यातील सर्वांत मोठ्या दिवसाचा, ईशान्येकडचा. आणि न्यूग्रेंजचे तोंड तर आग्नेयेस. त्या तोंडासमोर सूर्य उगवायचा झाला तर तो हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवशीच उगवू शकतो. हा विचार मनात आल्यावर त्यांनी ऐकीव गोष्ट टाकून न देता ती पडताळून पाहण्याचे ठरवले.

याच सुमारास दुसरा एक धागा हाती आला होता. प्रवेशद्वाराच्या वर, बोळाच्या छतावर एक कोरीव शिळा फार पूर्वीपासून अर्धवट दिसत असे व तिचा हेतू कोणालाच उमगत नव्हता. माती दूर केल्यावर तेथे दगडांनी बांधलेली एक लहानशी पेटीसारखी पोकळी निघाली. तिचे तोंड बाहेरच्या बाजूस उघडे व मागची फट बोळात उघडणारी. तिला झरोका म्हणू या. या झरोक्याचे तोंड पांढऱ्या गारगोटीच्या ठोकळ्यांनी बंद केलेले होते. त्यांपैकी एक ठोकळा जागेवरच सापडला आणि खालच्या शिळेवर तो पुन्हापुन्हा सरकवल्याने पडलेले ओरखडे स्पष्ट दिसत होते. म्हणजे झरोका उघडला जाई आणि मिटला जाई; एकदा नव्हे, अनेकदा. दाराला मात्र मोठी शिळा लावलेली असे.

१९६७ च्या डिसेंबरची २१ तारीख. ओकेली पहाटे एकटेच दालनात जाऊन काळोखात बसले. सूर्य क्षितिजावर आल्यानंतर काही मिनिटांतच झरोक्यातून प्रकाशाची एक बारीक रेघ आत शिरली, बोळाच्या जमिनीवरून पुढे सरकली आणि दालन ओलांडून समोरच्या कोनाड्यातील दगडी परातीच्या कडेपर्यंत पोहोचली. रेघ रुंदावत वीतभर पट्टा झाला, त्याच्या परावर्तित उजेडात दालनाच्या भिंती व छत दिसू लागले. मग पट्टा आक्रसत गेला आणि पुन्हा काळोख. हा सारा प्रकार सुमारे सतरा मिनिटांचा. पुढील वर्षांतही त्यांनी तेथे बसून वेध घेतले व नोंदी केल्या. लोकपरंपरा खरी ठरली होती. १६९९ पूर्वी कित्येक शतके समाधीचे तोंड ढिगाऱ्याखाली बुजलेले होते हे ध्यानात घेतले तर ती परंपरा कशी टिकली हा प्रश्न आजही मनाला चाळा लावतो. कदाचित ती १६९९ नंतर कोणा आगंतुकाने पाहिलेल्या दृश्यातून निघाली असेल. कारण दारातून येणारा प्रकाशही बोळात काही अंतर जातोच.

येथे रचनेची खरी खुबी सांगितली पाहिजे. बोळाची जमीन सपाट नाही; ती द्वारापासून दालनापर्यंत सुमारे दोन मीटर चढत जाते. त्यामुळे दालनाची जमीन आणि दारावरचा झरोका हे जवळजवळ एका पातळीत येतात. शिवाय बोळ थोडा नागमोडी आहे. परिणाम असा की उघड्या दारातून येणारा प्रकाश मध्येच अडतो, दालनापर्यंत जातो तो फक्त झरोक्यातून आलेला. दार शिळेने बंद केले तरी किरणाची वाट मोकळीच राहते. माणसाचा मार्ग वेगळा, सूर्याचा वेगळा.

हे सारे योगायोगाने घडले नसेल कशावरून, अशी शंका विद्वानांनी उपस्थित केली व ती करणे योग्यच होते. आग्नेय दिशेला तोंड असलेल्या समाध्या शेकड्यांनी आहेत. त्यांतील एखादीत सूर्य शिरला तर नवल काय? याचे उत्तर देण्यासाठी थोडे ज्योतिर्गणित पाहणे आवश्यक आहे आणि त्यात मराठी श्रोत्याच्या मनात नेहमी होणारा एक घोटाळाही सुटण्याजोगा आहे.

आपण मकरसंक्रांतीला उत्तरायण सुरू झाले असे म्हणतो. वस्तुतः सूर्य दक्षिणेकडे जाणे थांबवून मागे वळतो तो २१ किंवा २२ डिसेंबरला. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी हे दोन्ही दिवस एकत्र होते. संपातचलनामुळे, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाच्या भोवऱ्यासारख्या मंद डोलण्यामुळे, राशींवर आधारलेली संक्रांत सरासरी बहात्तर वर्षांस एक दिवस या गतीने पुढे सरकत गेली. मग पाच हजार वर्षांत न्यूग्रेंजचा किरण का सरकला नाही? कारण असे की संपातचलनाने सूर्यामागील तारे बदलतात, पण वर्षातील सर्वांत लहान दिवशी सूर्य क्षितिजावर कोठे उगवेल हे त्यावर अवलंबून नाही. ते अवलंबून आहे पृथ्वीच्या अक्षाच्या कलावर. तो कल आज सुमारे २३.४४ अंश आहे आणि न्यूग्रेंज बांधले गेले तेव्हा सुमारे २४ अंश होता. म्हणजे पाच सहस्रकांत बदल झाला तो अर्ध्या अंशाहून थोडा अधिक, इतकाच. त्या काळी सूर्य किंचित अधिक दक्षिणेस उगवे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी इंग्लिश ज्योतिर्विद नॉर्मन लॉकियर यांनी प्राचीन वास्तूंच्या दिशा मोजून त्यांचा आकाशाशी संबंध जोडण्याचा पायंडा पाडला. सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात हेलियम ओळखणारे ते हेच. न्यूग्रेंजचे तोंड दक्षिणायनाच्या अखेरच्या सूर्योदयाकडे आहे अशी सूचना त्यांनी केली होती. पण त्यांच्या इतर काही निष्कर्षांतील घाईमुळे पुरातत्त्वज्ञ या साऱ्या शाखेकडेच संशयाने पाहू लागले आणि ही सूचनाही बाजूस पडली. १९७४ साली जॉन पॅट्रिक यांनी बोळाचे काटेकोर मोजमाप करून दाखवले की विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे २३ अंशांपासून जवळजवळ २६ अंशांपर्यंत सूर्य असेल तर त्याचा थेट प्रकाश दालनात पोहोचतो. म्हणजे बांधणीच्या वेळी तो पोहोचत होता, आज पोहोचतो आणि पुढेही दीर्घकाळ पोहोचेल. १९८९ साली टॉम रे यांनी अधिक सूक्ष्म मोजणी केली. त्यांच्या गणिताप्रमाणे, आज सूर्योदयानंतर चार मिनिटांनी येणारा किरण त्या काळी सूर्योदयाबरोबरच येई आणि परातीशी न थांबता समोरच्या कोनाड्याच्या मागील भिंतीपर्यंत जाई. झरोका, चढती जमीन आणि ही जुळणी या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी निव्वळ दैवयोगाने जमल्या असे मानणे आता कठीण आहे. एकटी दिशा असती तर शंकेला जागा होती. झरोक्याने ती जागा फारशी ठेवली नाही.

तथापि न्यूग्रेंजला वेधशाळा म्हणण्याचा मोह टाळावयास हवा. वर्तमानपत्री लेखांत तसे सर्रास म्हटले जाते. अयनांताच्या आसपास सूर्योदयाची जागा दिवसामागून दिवस जवळजवळ हलतच नाही. पाच दिवस आधी व पाच दिवस नंतर यांतील फरक अंशाच्या दहाव्या भागाहूनही कमी. त्यामुळे दालनात किरण अनेक दिवस येतो आणि नेमका लहानात लहान दिवस कोणता हे त्यावरून ठरवता येत नाही. तिथी ठरवण्यासाठी दोन लाख टन दगड रचण्याची गरजही नव्हती. दोन खांब पुरेसे होते. शिवाय दार शिळेने बंद असे. किरण आत येत असता आत जिवंत माणूस बहुधा नसेच. तो प्रकाश होता तेथे ठेवलेल्या अस्थींसाठी.

५३ अक्षांशापलीकडील हिवाळा कसा असतो याची कल्पना आपल्या प्रदेशात बसून येणे अवघड आहे. बेळगाव किंवा पणजी येथे वर्षातील सर्वांत लहान दिवसही अकरा तासांहून मोठा असतो. न्यूग्रेंजला तो जेमतेम साडेसात तासांचा. भर दुपारी सूर्य क्षितिजापासून फक्त १३ अंश वर येतो. हात लांब करून मूठ धरली तर साधारण दीड मूठ. बेळगावात या दिवशी सूर्य पूर्वेच्या दक्षिणेस सुमारे २४ अंशांवर उगवतो, न्यूग्रेंजला ४२ अंशांच्याही पुढे. पेरलेले उगवेल की नाही, गुरांचा चारा पुरेल की नाही, याची चिंता ज्या समाजाला दरसाल होती त्याने सूर्य परतण्याच्या घडीला आपल्या मृतांच्या सोबतीने साक्ष राहावे, यात न समजण्यासारखे काही नाही. याहून अधिक, म्हणजे पुनर्जन्म, सूर्यदेवता, पुरोहितवर्ग इत्यादी, सांगणाऱ्यांनी पुराव्याच्या पुढे पाऊल टाकले आहे असे समजावे.

आयरिश लोकांच्या मध्ययुगीन हस्तलिखितांत या जागेचे नाव ब्रू ना बोन्य, म्हणजे बॉयनकाठचा वाडा, असे येते आणि तो देवांचा निवास मानला आहे. दाग्दा नावाच्या देवाला बोआन, अर्थात बॉयन नदीची देवता, हिच्यापासून आंगस हा पुत्र झाला. ती दुसऱ्याची पत्नी असल्याने दाग्दाने सूर्याला नऊ महिने आकाशात थांबवून धरले, म्हणजे गर्भधारणा व जन्म एकाच दिवसात उरकले. पुढे आंगसने ब्रूच्या धन्याकडे ती वास्तू फक्त 'दिवस आणि रात्र' एवढ्यापुरती मागून घेतली आणि मग ती परत देण्याचे नाकारले. कारण दिवस आणि रात्र यांचाच सारा काळ बनलेला असतो. जुन्या आयरिशमध्ये 'एक' हा शब्द लावल्यावाचून हे दोन्ही अर्थ निघतात. मराठीतही 'दिवसरात्र' या शब्दावर हाच डाव टाकता येईल. सूर्य थांबल्याची कथा नेमकी याच वास्तूला चिकटावी हे लक्षणीय खरेच. मात्र वास्तू आणि हस्तलिखिते यांच्यात चार हजारांवर वर्षांचे अंतर आहे, तेव्हा कथेला पुरावा म्हणून उभे करता येत नाही. रोमन नाणी व सोन्याचे दागिने समाधीच्या बाहेर भक्तिभावाने ठेवलेले सापडले, यावरून एवढे निश्चित म्हणता येते की इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतही ती जागा पवित्र मानली जात होती.

आता ज्या भागावर मतभेद आहेत तो. न्यूग्रेंजचे छायाचित्र ज्यांनी पाहिले असेल त्यांना प्रवेशाच्या दोन्ही बाजूंची पांढरीशुभ्र, जवळजवळ उभी भिंत आठवेल. तिच्यात मधून मधून करडे गोटे बसवले आहेत. ती भिंत पाच हजार वर्षांची नाही. उत्खननात प्रवेशासमोर पांढऱ्या गारगोट्यांचा व गोट्यांचा जाड थर पसरलेला मिळाला. गारगोटी दक्षिणेकडील विक्लो पर्वताच्या बाजूची आणि गोटे उत्तरेकडील किनाऱ्याचे. म्हणजे दोन्ही मुद्दाम दुरून आणलेले. हा थर म्हणजे कोसळलेली भिंत, असा ओकेलींचा निष्कर्ष. पडझड कशी होते याचे प्रयोग करून त्यांनी तो मांडला आणि त्यानुसार भिंत पुन्हा उभारली. परंतु ती टिकावी म्हणून तिच्यामागे सलोह काँक्रीटचा आधार घ्यावा लागला. टीकाकारांचा आक्षेप येथेच आहे. नवाश्मयुगातील माणसाजवळ काँक्रीट नव्हते, मग इतकी उभी भिंत त्याने कशी टिकवली असती? काहींच्या मते ही गारगोटी प्रवेशापुढील जमिनीवर अंथरलेली होती. शेजारच्या नाउथ येथे पुढे संशोधन झाल्यावर तिथली गारगोटी तशीच जमिनीवर ठेवण्यात आली आहे. अशा रीतीने एकाच वळणावर, एकाच काळातील दोन स्मारके दोन परस्परविरुद्ध मतांनुसार सजवलेली पाहावयास मिळतात.

या वादात ओकेलींचा हेतू शुद्ध होता व नोंदी काटेकोर होत्या, म्हणूनच आज त्यांच्याशी मतभेद नोंदवता येतो. तरीही प्रश्न उरतोच. जीर्णोद्धार करणारा आपले मत दगडात लिहितो आणि नंतर येणारे लाखो लोक ते मत न वाचता, वस्तुस्थिती म्हणून पाहतात. बोळातील कलंडलेल्या शिळा सरळ करण्याच्या बाबतीतही हेच. त्या कलंडल्यामुळे किरणाचा पट्टा मुळापेक्षा अरुंद झाला होता. शिळा हलवण्यापूर्वीची मोजमापे नोंदलेली होती, म्हणून पुढील गणिताला भरवसा लाभला. ती नसती तर योगायोग की योजना हा वाद कायमचा अनिर्णित राहिला असता.

समाधीत कोण होते? दालन अडीच शतकांहून अधिक काळ उघडे राहिल्याने ओकेलींना फारच थोड्या अस्थी मिळाल्या. सुमारे पाच व्यक्तींच्या, काही जळलेल्या, काही न जळलेल्या. २०२० साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील संशोधकांनी यांतील एका प्रौढ पुरुषाच्या कवटीच्या हाडातून आनुवंशिक द्रव्य मिळवले. त्याचे आईबाप एकमेकांचे अगदी निकटचे, म्हणजे भाऊ-बहीण किंवा पालक-अपत्य या नात्याचे असल्याचे आढळले. इजिप्तच्या फॅरोंसारखे राजकुल असल्याचा निष्कर्ष यातून काढला गेला आणि 'न्यूग्रेंजचा राजा' जगभर गाजला. २०२५ साली 'ॲन्टिक्विटी' या नियतकालिकात आलेल्या एका चिकित्सक लेखाने हा निष्कर्ष अमान्य केला : हाडाचा एक तुकडा, तोही कधी व कोणत्या अवस्थेत आत आला हे अनिश्चित, आणि मार्गसमाध्यांतील इतर व्यक्तींची आपापसांतील नाती बहुतेक दूरची. एका तुकड्यावरून घराणे उभे करता येत नाही, हा युक्तिवाद अधिक पटण्याजोगा आहे.

आपल्या प्रदेशात या विषयाचे मोल काय, असा प्रश्न श्रोत्यांनी विचारणे स्वाभाविक आहे. न्यूग्रेंजचा आणि भारतीय स्मारकांचा ऐतिहासिक संबंध काहीही नाही. तो जोडू पाहणारी पुस्तके वाचून सोडून द्यावीत. पण प्रकाश व वास्तू यांची सांगड आपल्याला अपरिचित नाही. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मंदिरातील किरणोत्सव पाहण्यास सीमाभागातून अनेक भाविक जातात. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या दिवशी मावळतीचे किरण मूर्तीपर्यंत येतात. या दोन्ही तारखा दक्षिणायनाच्या अखेरच्या दिवसापासून सारख्याच, म्हणजे सुमारे सहा आठवड्यांच्या अंतरावर आहेत हे पाहावे. सूर्य जाताना एकदा आणि परतताना एकदा त्याच दिशेला येतो. वर्षातून दोनदा उजळणारी वास्तू आणि न्यूग्रेंजप्रमाणे सूर्य जेथे वळतो तेथेच रोखलेली वास्तू, यांत हा भेद आहे. कोल्हापुरास किरणांच्या मार्गात बांधकामे येत असल्याची तक्रार अनेकदा झाली आहे. पावसाळी ढगांचे सोडा. इमारतीचा एक मजलाही शतकानुशतकांची वाट बंद करू शकतो.

बृहदश्मयुगीन स्मारके तर आपल्याभोवती विखुरलेली आहेत. नागपूरजवळ जुनापाणी येथील शिळावर्तुळे, शां. भा. देव यांनी उत्खनन केलेली माहुरझरी, टाकळघाट-खापा व नायकुंड ही स्थळे, कर्नाटकात गंगावतीजवळ हिरेबेणकलच्या डोंगरावरील शेकडो पाषाणपेटिका. ही बहुतांशी लोहयुगातील, म्हणजे न्यूग्रेंजच्या दोन हजार वर्षांनंतरची. शिमोगा जिल्ह्यातील निलस्कल व बैसे येथील उभ्या शिळांच्या काही जोड्या अयनांताच्या सूर्योदय-सूर्यास्ताकडे रोखलेल्या असल्याचे या शतकातील अभ्यासकांनी मांडले आहे. अशा मांडणीचा पुरावा म्हणजे शिळेची जागा. दुसरे काहीच नाही. नाणे किंवा ताम्रपट जागेवरून हलला तरी त्यावरील अक्षरे राहतात. उभी शिळा बांधाच्या कामासाठी हातभर सरकवली की तिची दिशा गेली, आणि ती पुन्हा मिळत नाही. शेताचा विस्तार, खडीच्या खाणी व रस्ते यांपायी शिळावर्तुळे नाहीशी होत आहेत. १६९९ साली कॅम्बेलच्या मजुरांनी जे केले त्याहून यात काही निराळे नाही. अशी शिळा कोणाच्या पाहण्यात असेल तर तिचे छायाचित्र, होकायंत्राने घेतलेली दिशा आणि गावकरी तिच्याविषयी जे सांगतात ते, एवढे तरी तालुक्याच्या ठिकाणी नोंदवले जावे. गावकऱ्यांचे सांगणे विशेषतः.

न्यूग्रेंजला आज स्वतंत्र माहितीकेंद्र आहे. १९९७ पासून प्रेक्षकांना नदीपलीकडील त्या केंद्रातून ठरावीक संख्येने वाहनाने नेले जाते. दालनात एका वेळी मोजकीच माणसे सोडतात आणि विजेच्या दिव्याने किरणाचा देखावा दाखवतात. खरा किरण पाहण्यासाठी २००० सालापासून सोडत काढली जाते. डिसेंबरच्या विसाव्या तारखेच्या आसपासच्या काही पहाटे थोड्याच भाग्यवंतांना आत प्रवेश मिळतो. अर्ज मात्र हजारोंनी येतात. २०२० व २०२१ साली महामारीमुळे कोणालाच आत सोडले नाही, तेव्हा दालनातून दृश्याचे प्रक्षेपण करून ते घरबसल्या दाखवण्यात आले. एरवी निवड झालेल्या मंडळींनी काळोखात उभे राहायचे आणि आग्नेयेकडील टेकडीवर ढग आहेत की नाहीत याची वाट पाहायची. आयर्लंडचा डिसेंबर असल्याने अनेकदा ते असतातच.